नागपूरच्या रात्रीत क्राइम थ्रिलर शूट करायचीय? आधी बल्ब मोजा

पहिलंच सांगून टाकतो, मी काही फिल्म स्कूलमधून आलेलो नाही. दिवसा नोकरी, रात्री मित्रांसोबत शॉर्टफिल्म, असं चाललंय. आतापर्यंत तीन थ्रिलर केल्या, तिन्ही नागपुरात, तिन्ही रात्रीच्या, आणि त्यातली पहिली एवढी काळी निघाली की आईने पाच मिनिटं बघून विचारलं, "टीव्ही बिघडला का रे?" त्या फिल्मसाठी आम्ही दोन रात्री जागलो, एका मित्राचा पाय मुरगळला, आणि स्क्रीनवर काय, तर दोन पांढरे ठिपके इकडून तिकडे जातात. ते ठिपके म्हणजे हिरोचे बूट.

तर ज्यांना पहिल्यांदाच असं काही करायचंय, दहा-बारा मिनिटांची, शहरातली, रात्रीची, पोटात गोळा आणणारी फिल्म, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी धरून चाललोय की एक बरा फोन किंवा मित्राचा मिररलेस कॅमेरा आहे, चार-पाच पोट्टे आहेत, दोन गाड्या आहेत आणि पैसे नाहीत. काम कोणत्या क्रमाने करता ते बघा, कारण नवीन माणूस हमखास कॅमेऱ्यापासून सुरू करतो आणि तिथंच फसतो, मी पण फसलो होतो.

पायरी १: गोष्ट. एक रात्र, एक काम, एक रस्ता

डॉन, बारा गुंडे, गोडाऊनमध्ये फायरिंग, हे सगळं डोक्यातून काढा राजेहो. बारा गुंडे रात्री अडीच वाजता आणायचे कुठून, आणि आणले तरी त्यातले आठ जण हसतात. आपल्याला परवडते ती गोष्ट म्हणजे एका माणसाला एका रात्रीत एक काम करायचंय आणि ते होऊ नये म्हणून काहीतरी मागे लागलंय.

समजा इतवारीतल्या एका ठोक दुकानात काम करणारा पोरगा आहे. मालकाने रात्री साडेदहाला शटर अर्धं पाडून त्याच्या हातात बॅग दिली, म्हणाला गणेशपेठ बस स्टँडवर जा, साडेअकराची गाडी आहे, अमुक रंगाच्या शर्टवाल्याला दे, उघडून पाहू नको. झालं, एवढीच गोष्ट. दुचाकीवर हा रस्ता काही तासाभराचा नाही, पोरगा पण निवांत आहे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटून घ्यायला थांबतो. आता प्रेक्षकाला एक गोष्ट दाखवायची जी पोराला माहीत नाही, इतवारीपासून एक ॲक्टिव्हा मागे आहे आणि ती एकदाही ओव्हरटेक करत नाहीये. नागपुरात ॲक्टिव्हा ओव्हरटेक करत नाही म्हणजे भानगड आहेच, हे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही.

थ्रिलर यातूनच चालते, प्रेक्षकाला थोडं जास्त माहीत, हिरोला थोडं कमी, आणि घड्याळ दोघांसाठी सारखंच. अचानक कोणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि धाडकन म्युझिक वाजलं तर लोक एकदा दचकतात आणि मग चिडतात. ती ॲक्टिव्हा मात्र तीन मिनिटं मागे ठेवता येते आणि तिला एक रुपया खर्च नाही, पेट्रोल सोडून.

स्क्रिप्ट लिहिताना हिशोब साधा ठेवा, एक पान साधारण एक मिनिट. बारा पानांच्या वर गेलात तर कापा. आणि रस्ता खरा ठेवा. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण आपल्याच लोकांनी केलेल्या फिल्ममध्ये पाहिलंय, माणूस सदरमध्ये गल्लीत वळतो आणि पुढच्या शॉटला मेडिकल चौकात निघतो. बाहेरच्याला चालून जाईल, पण तुमचे पहिले दोनशे प्रेक्षक नागपूरचेच राहणार आहेत आणि तो शॉट आला की सगळी भीती संपते, लोक रूट सांगायला लागतात. इतवारी, गांधीबाग, अग्रसेन चौक असा खराखुरा रस्ता धरला तर उलटा फायदा होतो, प्रेक्षक मनात मोजतो की आता किती राहिलं.

पायरी २: बल्ब मोजा

याला लोक रेकी म्हणतात आणि दिवसा जाऊन फोटो काढून येतात. दिवसाच्या रेकीचा उपयोग शून्य. ज्या वेळेला शूट करायचंय त्याच वेळेला जायचं, वही घेऊन, आणि जागा कशी आहे हे नंतर लिहायचं, आधी उजेड कुठून येतो ते लिहायचं. किती बल्ब, कोणत्या रंगाचे, किती वाजेपर्यंत चालू. हेच ते बल्ब मोजणं. आम्ही दुसऱ्या फिल्मच्या आधी सात रात्री फक्त हेच केलं आणि मग गोष्ट त्या बल्बांच्या हिशोबाने बदलली, म्हणून ती दिसली तरी.

वेळ का लिहायची ते सांगतो. एका गल्लीत आम्हाला एका पानठेल्याचा पिवळा बल्ब सापडला, एकदम जबरदस्त, भिंतीवर सावली एवढी मोठी पडायची की दुसऱ्या लाइटची गरज नाही. शूटच्या रात्री पावणेबाराला ठेलेवाल्याने बल्ब बंद केला आणि घरी गेला. त्याचं बरोबर होतं, आम्हीच त्याला सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी त्याला शंभर रुपये आणि चहा दिला, तर तो स्वतःच फिल्ममध्ये उभा राहिला आणि खरं सांगू का, आमच्या हिरोपेक्षा बरा दिसला.

आता जागांबद्दल थोडं, कारण नवीन लोक सगळे फुटाळ्यावर, म्हणजे फुटाळा तलावावर, जातात. फुटाळ्याला रात्री उशिरापर्यंत गर्दी, प्रत्येक फ्रेममध्ये कोणीतरी सेल्फी काढतोय, तिथं भीती कशी वाटणार. सिव्हिल लाइन्सची झाडं सगळ्यांना आवडतात, जुने बंगले, रुंद रस्ते, मूड भारी आहे, पण उजेड फांद्यांत अडकून राहतो, खाली काही पोचत नाही, आणि त्या भागात विधान भवन, हायकोर्ट आहे म्हणजे तुम्ही ट्रायपॉड उघडला की विचारपूस सुरू. माझी आवड विचाराल तर इतवारी आणि मस्कासाथ. दुकानं बंद झाली की गल्ल्या निमुळत्या होतात, शटर, लाकडी गॅलऱ्या, वर लोंबणाऱ्या वायरी, कुठंतरी एक हमाल हातगाडीवर झोपलाय. गल्ली निमुळती असली की एक छोटा लाइटही दोन्ही भिंतींवर आपटतो आणि फ्रेम भरून जाते. मोठ्या मैदानावर तोच लाइट कुठं गेला ते कळत नाही.

बर्डीची, म्हणजे सीताबर्डीची, मेन रोड दुकानं बंद व्हायच्या वेळेला बघा, माल ताडपत्रीखाली बांधून चाललाय, अर्ध्या पाट्या चालू अर्ध्या बंद, तो अर्धा तास सोन्याचा आहे. वर्धा रोडचा डबलडेकर पूल, तोच ज्याची ३.१४ किलोमीटर लांबीसाठी गिनीज बुकात नोंद झाली, खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो, त्याच्या खालून गाडी चालली की खांब आणि उजेड एकाआड एक चेहऱ्यावरून जातात, ठोका पडल्यासारखे. गाडीच्या आतून असा शॉट घेतला तर एडिटमध्ये काहीही करावं लागत नाही. आणि कळमना मार्केट, संत्र्याच्या सीझनमध्ये, रात्रीचे ट्रक, पेटाऱ्या, संत्र्यांचे ढीग, हेडलाइटच्या उजेडात धूळ. त्या ढिगांमध्ये एक माणूस पळतोय असा सीन माझ्या डोक्यात चार वर्षांपासून आहे, अजून जमलं नाही, कोणी केला तर मला सांगा.

एक युक्ती जी मला फार उशिरा कळली. खूप मोठा शॉट पाहिजे असेल, पूल, इमारती, आख्खा चौक, तर तो रात्री घेऊच नका. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी घ्या, आकाश गडद निळं असतं, रस्त्याचे दिवे लागलेले असतात आणि इमारतींच्या कडा दिसतात. फिल्ममध्ये ती रात्रच वाटते. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या आसपासच बुडतो आणि जूनमध्ये सातच्या आसपास, त्यानुसार पोचायचं, आणि पोचायचं म्हणजे रिहर्सल करून, कारण हातात दहा-पंधरा मिनिटं असतात आणि उद्याचं आकाश वेगळं असते.

पायरी ३: परवानगी, कंटाळवाणी आहे पण वाचा

पहिल्या फिल्मच्या वेळी आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. रात्री एक वाजता एक पोट्टा तोंडाला रुमाल बांधून गल्लीतून पळतोय, मागे दुसरा पळतोय, आणि कॅमेरा लांब, झूमवर, दिसतच नाही. गस्तीची गाडी आली. "काय करून रायले बे इथं?" या प्रश्नाला "सर आर्ट आहे" असं उत्तर आमच्या एका मित्राने दिलं, पुढचा तास आम्ही काय केलं ते लिहीत नाही.

तेव्हा ज्या भागात शूट आहे तिथल्या ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या, तारीख, वेळ, जागा, किती लोक, कोणाचा नंबर, सीनमध्ये काय आहे, आणि शिक्का मारलेली कॉपी खिशात ठेवा. रस्ता अडवायचा असेल तर वाहतूक शाखा आणि महापालिका पण आली, पहिल्या फिल्मला रस्ता अडवूच नका हे माझं मत. मोठं काम असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, ऑनलाइन अर्ज होतो. रेल्वे स्टेशन आणि मेट्रो स्टेशनसाठी रेल्वेची आणि महामेट्रोची वेगळी परवानगी लागते, फोनवर गुपचूप घेऊ असं म्हणू नका, कॅमेरे तुमच्यापेक्षा जास्त तिथं लागलेत. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिकडे लेन्स फिरवायची पण नाही. ड्रोनचा तर विषयच सोडा, सोनेगावचा विमानतळ, वायुसेना, किल्ला, सगळं शहरातच आहे.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की १९५३ च्या नागपूर कराराची (वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असं त्यात ठरलं होतं) आठवण सगळ्यात जास्त बंदोबस्तवाल्यांना येते, सिव्हिल लाइन्स, बर्डी, सगळीकडे बॅरिकेड, त्या दिवसांत रुमाल बांधून पळायचा सीन ठेवणारा माणूस धन्य आहे. आणि दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीला देशभरातून लोक येतात, त्या काळात त्या बाजूच्या रस्त्यांवर रिकामी गल्ली मिळत नाही आणि मागूही नये.

सगळ्यात सोपं काय तर खाजगी जागा. मित्राचं गोडाऊन, काकांचं दुकान, फ्लॅटचं पार्किंग, गच्ची. मालकाकडून दोन ओळी लिहून सही घ्या, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. शेजारच्या काकूंना नक्की सांगा, त्या जाग्याच असतात.

पायरी ४: कॅमेऱ्याची सेटिंग

इथं घाई करू नका, घरी बसून एकदा सगळं करून बघा.

ऑटोवर काहीही सोडायचं नाही. ऑटोमध्ये कॅमेरा अंधार पाहिला की घाबरतो आणि सगळं उजळ करायला जातो, मग काळं आकाश राखाडी होते आणि त्यात मुंग्या चालल्यासारखा नॉइज येतो. फोन असेल तर मॅन्युअल कंट्रोल देणारं ॲप टाका आणि फक्त मेन लेन्स वापरा, १एक्सवाली. झूम आणि वाइडवाल्या लेन्सा रात्री कमी उजेड घेतात, कित्येक फोन तर रात्री झूम दाबला की गुपचूप मेन लेन्सचंच चित्र कापून मोठं करून देतात. कॅमेरा असेल तर ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स कोणाकडून तरी मागा (एफचा आकडा जेवढा कमी तेवढा उजेड जास्त), सोबत मिळालेल्या झूम लेन्सचा एफ ३.५ असतो, दोघांच्या उजेडात जवळपास पावणेचारपट फरक आहे. हा फरक म्हणजे फिल्म दिसणं आणि न दिसणं.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसते. फोन मुळातून सेकंदाला ३० फ्रेमवर आणि १/६० शटरवर असला की भिंतीवर काळे पट्टे वर-खाली सरकायला लागतात, आणि ते एडिटमध्ये सहजासहजी जात नाहीत, मी तीन आठवडे घालवले आहेत. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, विषय संपला. काही डिजिटल पाट्या आणि ई-रिक्षाचे लाइट तरीही लुकलुकतात, ते फ्रेमच्या बाहेर ठेवा.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा, किती? जेवढ्यावर तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र फाटत नाही तेवढा, हे घरीच कळते, खोलीत एक बल्ब लावून ८००, १६००, ३२००, ६४०० असं शूट करा आणि मोठ्या स्क्रीनवर बघा, जिथं तुम्हाला कसंतरी वाटेल त्याच्या एक घर आधी थांबा. आणि रात्रीचा शॉट शूट करताना थोडा उजळच घ्या, नंतर एडिटमध्ये खाली आणा. उलटं केलं, काळा शॉट नंतर वर उचलला, तर नॉइजशिवाय हाती काही येत नाही. आमचे बूट आठवा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा धरायचा ते, लॉक करा. बहुतेक मोठ्या रस्त्यांवर आता पांढरे एलईडी आहेत, पाच-सहा हजार केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), आणि पानठेल्याचा बल्ब २७०० चा, जुना सोडियमचा दिवा कुठं सापडला तर तो २००० च्या जवळ, एकदम नारिंगी. ४००० च्या आसपास लॉक केलं की बल्ब पिवळा आणि रस्ता निळसर दिसतो, आणि ही पिवळ्या-निळ्याची ओढाताण म्हणजेच अर्धी थ्रिलर. फोकस पण लॉक, अंधारात ऑटोफोकस दारुड्यासारखा झुलतो. ज्याच्यावर फोकस पाहिजे त्याच्या चेहऱ्यावर टॉर्च मारा, फोकस घ्या, लॉक करा, टॉर्च बंद.

पायरी ५: लाइट लावणं, म्हणजे कमी लावणं

समोरून लाइट मारू नका, लग्नाचा व्हिडिओ होते. मागून किंवा बाजूने मारा, म्हणजे माणसाची कड दिसते आणि चेहरा अर्धा अंधारात राहतो. छोटा चार्जिंगवाला एलईडी पुरतो, फक्त जवळ ठेवा. लाइट एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणून जवळचा छोटा लाइट चेहरा उजळतो आणि मागची गल्ली जशी आहे तशी ठेवतो. समोर बटर पेपर लावा, कडकपणा जातो.

त्याहून चांगलं म्हणजे फ्रेममध्येच दिसणारे उजेड, एटीएमची काच, मेडिकल स्टोअरची हिरवी पाटी, बाइकचा हेडलाइट, अर्धं उघडलेलं फ्रिज. माणूस फोन पाहतोय तर फोनचाच उजेड चेहऱ्यावर, ब्राइटनेस फुल आणि स्क्रीनवर पांढरा फोटो. पेट्रोल पंपाचा उजेड फार सुंदर असतो पण तो रस्त्याच्या पलीकडून घ्या, पंपावर कॅमेरा, लाइट, वायरी नेऊ नका.

ओला रस्ता. सगळे विचारतात की मोठ्या फिल्ममध्ये रात्रीचा रस्ता चमकतो कसा, तर पाणी मारलेलं असते म्हणून. कोरडं डांबर उजेड पिऊन टाकतं, ओलं डांबर परत देतं, म्हणजे फुकटात दुप्पट लाइट. पण आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या लोकांसमोर रस्त्यावर पाणी ओतायचं हे मला काही पटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडला की लगेच बाहेर पडा, नागपूर स्वतःच ओलं करून देते. फक्त ओल्या रस्त्यावर बाइकचा पाठलाग ठेवू नका, मुरगळलेला पाय तिथलाच आहे.

पायरी ६: गाडीतला सीन उभ्या गाडीत

चालू गाडीत हिरो गाडीही चालवतोय आणि डायलॉगही बोलतोय, रात्री, रिंग रोडवर, ट्रकांमध्ये. नाही. गाडी अंधाऱ्या पार्किंगमध्ये उभी करा. एक जण मागून बंपर हलकासा दाबत राहील, दोघे जण बाहेरून हातात टॉर्च घेऊन पुढून मागे चालत जातील, एका लयीत, जसे रस्त्याचे दिवे जातात तसे. एकाने लाल लाइट घेऊन मागच्या काचेबाहेर उभं राहायचं. डॅशबोर्डच्या खाली फोन, त्यावर बटर पेपर, म्हणजे मीटरचा उजेड वाटतो. बाहेरून पाहणाऱ्याला आपण वेडे वाटतो, स्क्रीनवर मात्र गाडी ऐंशीने चाललीय. मधे मधे खऱ्या रस्त्याचे शॉट टाका, जे मागच्या सीटवर बसलेल्याने घेतलेत.

पायरी ७: बंदूक, रक्त, वर्दी

बंदूक नको. खेळण्यातली पण नको. रात्री सार्वजनिक रस्त्यावर हातात पिस्तूल दिसलं की कोणी जवळ येऊन प्लास्टिकचं आहे का बघत नाही, सरळ ११२ लावतात आणि बरोबर करतात. चाकू, बंदूक काही दाखवायचंच असेल तर बंद खोलीत, आणि ठाण्याच्या अर्जात लिहून. तसंही इथला माणूस बंदुकीला कमी घाबरतो, अर्ध्या पाडलेल्या शटरमधून कोणाच्या चपला दिसल्या की जास्त घाबरतो. पोलिसाची वर्दी घालून कोणी रस्त्यावर फिरू नये, शॉट संपला की लगेच वरून जॅकेट, नाहीतर नको त्या कलमात अडकाल.

रक्त घरी होते. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर, म्हणजे रंग टोमॅटो सॉससारखा दिसत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नारिंगी दिव्याखाली लाल रंग तपकिरी-काळा दिसतो, म्हणून ज्या उजेडात शूट करणार त्याच उजेडात आधी बघा, नाहीतर माणसावर डांबर सांडल्यासारखं वाटते. आणि दुसरं, मुंग्या. आमचं प्रेत चाळीस मिनिटांत उठून पळालं होतं.

पायरी ८: आवाज

चित्र थोडं खराब असलं तर लोक पाहतात, आवाज खराब असला की बंद करतात, हे ऐकलेलं होतं पण पटलं पहिल्या फिल्मनंतर. रात्री शांत असेल असं वाटते ना? कुत्री आहेत. एकाने सुरू केलं की आख्खा मोहल्ला. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही लाइनी इथून जातात, त्यामुळे रात्रभर कुठंतरी हॉर्न वाजतोच.

कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या किंवा ॲक्टरच्या खिशात दुसरा फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर जुळवायला सोपं जाते. प्रत्येक जागेवर एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा, डायलॉगच्या मधली भोकं त्यानेच बुजतात. पावलांचा, शटरचा, किल्ल्यांचा, ॲक्टिव्हाच्या स्टँडचा आवाज वेगळा, जवळून घ्या. मागे लागलेली ॲक्टिव्हा दिसायच्या आधी ऐकू आली पाहिजे, दोनदा ऐकू आली की तिसऱ्यांदा दाखवायची पण गरज पडत नाही. आणि ठेल्यावर फिल्मी गाणं चालू असेल तर बंद करायला सांगा, नंतर अपलोड करताना कॉपीराइटचा क्लेम येतो. रात्री १० नंतर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा सूचना देताना भोंगा वगैरे आणू नका, हात वर करा.

पायरी ९: रात्र कशी काढायची

एका रात्रीत नवीन टीमचे बारा शॉट झाले तर भरपूर. पळापळीचे, पडायचे सीन एकच्या आत उरकून टाका, तीननंतर सगळ्यांचे पाय जड होतात आणि डोकं पण, तेव्हा बसून बोलायचे सीन ठेवा, थकलेला चेहरा तिथं उलट कामी येतो. दोन वाजता जेवण, चिप्स नाही, जेवण. मुली टीममध्ये असतील तर त्या घरी कशा जाणार हे शूट ठरवतानाच ठरवा, रात्री चारला नाही. मे महिन्यात मध्यरात्रीपण फोन तापून बंद पडतो, डिसेंबर-जानेवारीत तोंडातून वाफ निघते, एका सीनचे दोन शॉट दोन वेगळ्या महिन्यांत घेतले तर ती वाफ चुगली करते. बॅटऱ्या दुप्पट, कार्ड दुप्पट, आणि घरी पोचल्यावर झोपायच्या आधी कॉपी करा, मी झोपून उठून करू म्हटलं होतं एकदा.

सकाळी साडेपाचला तर्री पोहा खायला सगळ्यांना घेऊन जा. पैसे देत नसाल तर एवढं तरी.

पायरी १०: एडिट

एडिटिंगचे कोर्स आणि व्हिडिओ ढिगाने आहेत, मी फक्त रात्रीच्या फिल्मपुरतं सांगतो. रंग करताना सगळं काळं करायचा मोह होतो, मोठ्या फिल्म तशाच दिसतात म्हणून. पण त्या अंधाऱ्या थिएटरसाठी केलेल्या असतात आणि तुमची फिल्म लोक दुपारी, बसमध्ये, ब्राइटनेस निम्मा करून बघणार आहेत. म्हणून शेवटचं चेकिंग फोनवर, भर उन्हात उभं राहून करा. डोळे दिसतात का, हातात काय आहे ते कळते का, नाही कळलं तर थोडं वर उचला. अपलोड करताना यूट्यूबवर काळ्या भागात चौकोन चौकोन दिसतात, फिल्म ४के करून टाकली तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, जास्त मिळतो आणि ते बरंच कमी होते, शूट १०८० मध्ये असलं तरी.

दहा मिनिटांची फिल्म सात मिनिटांची होऊ शकते का ते बघा. बहुतेक वेळा होते. लोक जिथं चालत जातात ते सगळे शॉट आपल्याला फार आवडलेले असतात कारण त्यासाठी आपण जागलो, प्रेक्षक काही जागला नव्हता.

आणि पहिल्यांदा कोणाला दाखवायची तर मित्रांना नाही. आम्ही तिसरी फिल्म त्या पानठेलेवाल्याला त्याच्याच ठेल्यावर फोनवर दाखवली. गिऱ्हाईक उभं ठेवून त्याने पूर्ण पाहिली, मध्ये दोनदा मागे वळून रस्त्याकडे पण बघितलं, तेव्हाच मला कळलं की ॲक्टिव्हावालं काम जमलं. संपल्यावर फोन परत दिला आणि म्हणाला, "भाऊ, बाकी सगळं ठीक हाय, पण माह्या ठेल्याचं नाव कापलं ना तुम्ही."